घर क्रमांक १४२/१ ला इंजिन बसविणेबाबत

वाघूळखेड येथील सेवानिवृत्त मुख्य लिपिक वामनराव यांच्या अंगणात बावीस वर्षांपासून एक मोटार उभी होती. ती मोटार आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं. कोंबड्यांनाही शंका नव्हती. त्या मागच्या सीटवर अंडी घालत आणि पुढच्या सीटवर घालत नसत, कारण पुढची सीट शिल्लक नव्हती. दुमत होतं ते फक्त सरकारदरबारी, आणि कोणी विचारलं नसल्यामुळे ते कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारेपर्यंत प्रत्येक नोंद खरी असते, हा वामनरावांचा चौतीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव होता.

मोटार म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर सालची काळी अँबॅसिडर. वामनरावांच्या वडिलांनी कापसाच्या दलालीच्या भरात ती घेतली होती. अमडापूरच्या बाजारात ती उभी राहिली की बैल बुजत आणि माणसं जवळ येत. पंच्याहत्तर साली मे महिन्यात याच गाडीतून आशाबाई जळगाव जामोदहून नवरी होऊन वाघूळखेडला आल्या. पुढे वडील गेले, दलाली गेली, पेट्रोल परवडेनासं झालं. दोन हजार तीनच्या कोरड्या साली वामनरावांनी गाडीचं इंजिन उपसून शेतातल्या विहिरीवर नेऊन बसवलं. त्या इंजिनानं दोन उन्हाळे पाणी ओढलं, मग वीज आली आणि तेही विहिरीच्या छपरीत गप्प बसलं. गाडीचा सांगाडा अंगणात राहिला.

यंदा मे महिन्यात लग्नाला पन्नास वर्षं झाली. पुण्यातल्या आणि नाशकातल्या दोन्ही मुलींनी आईला फोन करून काय हवं ते विचारलं. आशाबाईंनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मुलींना वाटलं, नेहमीप्रमाणे काही नको म्हणेल. आशाबाई म्हणाल्या, त्याच गाडीत बसून एकदा माहेरी जायचं आहे. नंतर चहाच्या वेळी वामनरावांना त्यांनी नीट सांगितलं.

"यष्टीनं हजार खेपा गेली मी. पण त्या गाडीतून तो रस्ता कसा दिसते ते पाह्यलंच नाही. आली तवा रडू रडू डोये सुजले होते अन् पदर नाकापर्यंत होता. आता गुडघे चाल्ले. एक डाव पाहू द्या."

वामनरावांनी नोकरीत एकही अर्ज फेटाळला नव्हता. ते फक्त त्रुटी काढून परत पाठवत. या अर्जात त्यांना त्रुटी सापडेना. पन्नास वर्षांत बायकोनं केलेला हा पहिला अर्ज होता, आणि ऐकताना त्यांचा जीव खरोखरच गलबलला. दसऱ्याच्या आत तू त्याच गाडीत माहेरी जाशील, असं त्यांनी तोंडी आश्वासन दिलं. तोंडी आश्वासनाची जावक नोंद होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

चिखली रस्त्यावरच्या जब्बार मिस्त्रीला बोलावणं गेलं. बावीस वर्षांपूर्वी इंजिन यानंच उपसलं होतं, त्यामुळे त्याच्या मनात थोडं ओशाळलेपण होतं. त्यानं गाडीला एक फेरी मारली, दारावर पेचकस टेकवला आणि हलकेच दाबला. पेचकस आरपार जाऊन आतल्या कोंबडीला लागला.

"वामनभाऊ," जब्बार म्हणाला, "गाडी नाही राह्यली हे. गाडीच्या आकाराचा गंज हाये."

पण त्यानं काम घेतलं. आशाबाईंना माहेरी जायचं आहे हे कळल्यावर त्याची बायको नसीमा घरात जे बोलली, त्यानंतर काम न घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. गाडी ढकलत त्यानं अंगणाच्या कडेच्या शेवग्याखाली घेतली आणि तिथंच ताडपत्री बांधून दुकान मांडलं. गाडीचा सडलेला तळ कापून काढला आणि नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला. जिथं गंज वरवरचा होता तिथं तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत लोखंड बाहेर काढलं, त्यावर तांबूस रेड ऑक्साईडचे दोन हात मारले, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, कागदानं घासली, पुन्हा भरली. खालून सगळ्या अंगाला डांबरासारखा काळा लेप दिला. आता चिखलात लोळवली तरी पन्नास वर्षं गंज धरणार नाही, असं तो म्हणे. पुढच्या पन्नास वर्षांची हमी देताना तो आभाळाकडे बघत असे.

घासताना गाडीच्या अंगावरचा इतिहासही निघत होता. डाव्या दारावर पोलिओ डोसवाल्यांच्या खडूच्या खुणा होत्या, थरावर थर. मागच्या दारावर हिवतापाच्या फवारणीची तारीख गेरूनं लिहिलेली होती. जनगणनेचा आकडा होता. आणि बॉनेटवर मधोमध, दोन खिळ्यांनी ठोकलेली, ग्रामपंचायतीची पत्र्याची निळी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, घर क्र. १४२/१. जब्बार ती उचकटायला गेला तेव्हा ओसरीवरून वामनराव इतक्या तातडीनं उठले की त्यांची चप्पल मागेच राहिली. ती पाटी राहू दे, असं त्यांनी सांगितलं. जब्बारनं का म्हणून विचारलं नाही. गिऱ्हाईक रंगाबद्दल आणि पाटीबद्दल जे म्हणेल ते करावं, असा त्याचा धंद्यातला नियम होता.

एकच जागा अशी निघाली जिथं गंज नव्हता. बॉनेटखाली चेसिस नंबरची पट्टी होती, तिथं. दर दसऱ्याला आशाबाई त्या पट्टीवरून तेलाचा बोळा फिरवून हळद-कुंकू वाहत आल्या होत्या. इंजिन गेलं, चाकं बसली, कोंबड्या आल्या, तरी दसरा चुकला नव्हता. पन्नास वर्षांच्या तेलकुंकवाचा बोटभर थर जब्बारनं खरवडला आणि खाली नंबर काल ठोकल्यासारखा स्वच्छ होता.

"वहिनी, पुऱ्या गाडीले असंच कुंकू लावलं असतं तं मले कामच नसतं राह्यलं," तो म्हणाला. आशाबाई दोन दिवस खुशीत होत्या.

विहिरीवरचं जुनं इंजिन पाहून जब्बारनं मान हलवली. ते आतून एकजीव झालं होतं. मग तो मलकापूरच्या भंगार बाजारात गेला आणि एका उलटलेल्या मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन घेऊन आला. ते गाडीत बसेना. जब्बारनं बसण्याच्या जागा कापून नव्या केल्या, रेडिएटर पुढे सरकवला, गिअरची दांडी वाकवली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यानं चावी फिरवली. आधी धूर आला, मग आवाज आला, मग सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलली आणि स्थिरावून एका लयीत घुरघुरू लागली. आशाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. काळ्या दारात त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. त्यांनी दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडलं.

आता फक्त कागद राहिले होते. वामनराव समाधानानं हसले, कारण इथून पुढचा प्रांत त्यांचा होता.

इंजिन बदलीला परिवहन कचेरीची मंजुरी लागते. मंजुरीसाठी गाडी कचेरीत दाखवावी लागते, आणि मंजुरीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा पेच वामनरावांनी तीन पत्रांत सोडवला आणि निरीक्षक साहेबच मौका पाहणीला वाघूळखेडला आले. जिल्ह्यातल्या त्यांच्या टेबलाचं नाव जुनी वाहने व तत्सम बाबी असं होतं. त्यांनी चहा घेतला, गाडीला फेरी मारली, बॉनेट उचललं आणि चेसिस नंबरच्या पट्टीवर ते बराच वेळ वाकून राहिले.

"गाडी पूर्ण सडलेली होती असं तुम्ही अर्जात म्हणता," ते म्हणाले. "आणि नंबर तेवढा शाबूत. हे संशयास्पद आहे."

वामनरावांनी दसऱ्याचं, तेलाच्या बोळ्याचं आणि कुंकवाचं सविस्तर सांगितलं. निरीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि पूजेबाबत कागदोपत्री पुरावा जोडावा असा शेरा मारला. मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला. नवं इंजिन कुठून आलं ते पावतीवर दिसत होतं, पण जुनं गेलं कुठं? इंजिन बदली म्हणजे एक काढून दुसरं घालणं. काढलेलं इंजिन हजर केल्याशिवाय बदली होत नाही, नुसतं घालणं होतं, आणि नुसतं घालण्यासाठी वेगळा नमुना आहे.

जुनं इंजिन विहिरीवर होतं. ते उचलून आणायचं, दाखवायचं, संपलं. वामनराव दुसऱ्याच दिवशी तलाठी समताताईंकडे गेले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालंय, खुर्ची तीच आहे. उचलण्यापूर्वी त्यांच्या कानावर घालावं एवढाच वामनरावांचा हेतू होता, कारण दोन हजार तीन साली स्वतः वामनरावांनीच शेताच्या पीकपाण्याच्या नोंदीत सिंचनाचं साधन म्हणून विहीर व तेल इंजिन असं चढवून घेतलं होतं. त्या नोंदीवर शेत ओलिताचं ठरलं होतं आणि ओलिताच्या शेताला जे जे मिळतं ते ते मिळालं होतं. इंजिन अँबॅसिडरचं आहे असा तपशील लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

समताताईंचे वडील एके काळी वामनरावांच्या हाताखाली होते, त्यामुळे त्या आदरानं बोलल्या. "काका, इंजिन हललं की शेत कोरडवाहू होतं. आज नाही, बावीस वर्षांपासून होतं. मग मागचं सगळं उकरावं लागेल. बाबा नेहमी सांगायचे, तुम्हीच त्यांना शिकवलं होतं. नोंद कधी पुसायची नाही, नोंदीवर नोंद चढवायची."

वामनरावांना स्वतःचं वाक्य ऐकून आधी बरं वाटलं. घरी येईपर्यंत तितकंसं बरं वाटेना. पण उपाय त्या वाक्यातच होता. विहिरीवरचं इंजिन हे जन्मापासून विहिरीवरचंच आहे, असा दाखला समताताईंनी दिला. तो वामनरावांनी परिवहन कचेरीत जोडला. म्हणजे आता काढलेलं इंजिन हजर करण्याचा प्रश्न मिटला, कारण सदर वाहनाला कधी इंजिन नव्हतंच.

आठ दिवसांत उत्तर आलं. ज्याला कधी इंजिन नव्हतं ते वाहन नसतं, असं निरीक्षकांनी कळवलं होतं. सबब इंजिन बदलीचा अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सदर वस्तू वाहन नसल्यास ती काय आहे, याबाबत स्थानिक ग्रामपंचायतीचा अभिप्राय घेऊन सादर करावा. पाहणीवेळी वस्तूच्या दर्शनी भागावर घर क्रमांकाची पाटी आढळून आली होती, याकडे लक्ष वेधण्यात येत होतं.

ते पत्र वामनरावांनी तीनदा वाचलं. कचेरीत बसून त्यांनी अशी पत्रं शेकड्यांनी लिहिली होती. ती घरी बसून वाचायची वेळ मात्र त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

सरळ मार्ग एक होता. ही मोटार आहे, इंजिन तिचंच आहे, दोन्ही नोंदी मीच चुकीच्या करून घेतल्या, असं एका कागदावर लिहून सही करायची. जब्बारनं तसं सुचवलंही. गाडीले गाडी म्हणायले काय लागते, असा त्याचा सवाल होता. वामनरावांना त्याची कीव आली. खरं लिहायला कोणताच नमुना उपलब्ध नाही, हे या भाबड्या माणसाला कसं समजवावं? शिवाय पत्र्याच्या पाटीमागे आणखी एक गोष्ट होती. ती गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितलेली नव्हती, आशाबाईंना तर नाहीच.

तेव्हा वामनरावांनी ओसरीवर चौरंग घेतला, चष्मा पुसला आणि आपल्या कारकिर्दीतला सर्वोत्तम अर्ज लिहिला. विषय, घर क्रमांक १४२/१ ला इंजिन बसविणेबाबत. घरमालकास घरात पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, पंखा इत्यादी यंत्रं बसवण्यास मनाई नाही. मग इंजिनास का असावी? इंजिन बसवल्यानं घराच्या मूळ बांधकामात बदल होत नाही. घराची चार दारं चारच राहतात. घर हलल्यास ते तात्पुरतं हललं असं समजावं. अर्ज वाचून ग्रामपंचायतीतल्या कारकुनाला, म्हणजे कडूबाला, गहिवरून आलं. असा माणूस आता नोकरीत होणे नाही, असं तो म्हणाला. ठराव तयार झाला. फक्त मोजमाप आणि घरमालकाची सही एवढंच बाकी उरलं.

कडूबा टेप आणि मोठं रजिस्टर घेऊन अंगणात आला तेव्हा आशाबाई गाडीच्या मागच्या सीटवर बसून शेंगा सोलत होत्या. गाडी तयार झाल्यापासून त्या तिथंच बसत. दसऱ्याला अठरा दिवस होते. वामनरावांनी कडूबाला ओसरीवर बोलावलं, आधी चहा घे म्हटलं, रजिस्टर माझ्याकडे दे म्हटलं. पण कडूबा कामाचा माणूस होता. त्यानं रजिस्टर सरळ बॉनेटवर ठेवलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

घर क्रमांक एकशे बेचाळीस भागिले एक. बांधकाम, कच्चे. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं. एक खोली. चार दारं, सहा खिडक्या. दक्षिणाभिमुख. मालक, आशाबाई. शेरा, सदर महिला परित्यक्ता असून पतीनं टाकल्यामुळे वरील मोडक्या घरात एकटी राहते. सबब घरकुलास प्राधान्यानं पात्र. नोंद दिनांक अठ्ठावीस ऑगस्ट दोन हजार तीन.

"वहिनी, इथी सही करा," कडूबा म्हणाला.

शेंगा सोलायचा हात थांबला होता. आशाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि पन्नास वर्षं नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही करत आल्या होत्या. त्यांनी ती तारीख पुन्हा एकदा विचारली. कडूबानं सांगितली. तो पोळ्याचा दुसरा दिवस होता, हे आशाबाईंना आठवत होतं, कारण पोळ्याला वामनराव तापानं फणफणले होते.

"पाण्याच्या पट्ट्या ठेवू ठेवू माहे हात गारठले होते आदल्या राती," त्या म्हणाल्या. "सकाळी ताप उतरला, तुमी पेज पेले अन् कचेरीत गेले. तिथी जाऊन मले टाकलं का?"

ते फक्त कागदावर आहे, असं वामनराव म्हणाले. घरकुल आपल्याच घरात आलं, असंही म्हणाले. सगळेच करतात, तेव्हा यादीत निम्म्या बाया टाकलेल्याच होत्या, गावात एवढे नवरे बायका टाकत असते तर पोळा कोणी केला असता, असं बरंच काही म्हणाले. कडूबा टेपची गुंडाळी करत जमिनीकडे बघत राहिला. आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"रस्त्यावरचं ते पक्कं घर, तुमी सोयाबीन ठेवता ते. ते माह्या नावचं हाये म्हणा की."

वामनराव चष्मा पुसू लागले.

"अन् मी सांगून राह्यली, एक डाव गाडीत बसू द्या." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "कागदावर मी बावीस वर्सं याच गाडीत बसून हाओ. उतरलीच नाही. अन् तुमी खिडकीतून डोकावूनही पाह्यलं नाही."

त्यांनी सही केली. वामनरावांना वाटलं, चला, निदान सही झाली. चौतीस वर्षांची सवय अशी एका दिवसात जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जब्बार आला. त्याच्याबरोबर इस्तरी केलेल्या ओढणीत नसीमाही होती, हातात डबा घेऊन. आशाबाईंनी जुनं जांभळं लुगडं नेसलं होतं. त्यांनी चेसिस नंबरवर कुंकू लावलं, बॉनेट लावलं, मागचं दार उघडलं आणि आत बसल्या. नसीमा त्यांच्या शेजारी बसली. जब्बारनं चावी फिरवली. गाडीला आता पुढची सीट होती, तिथंही एक जागा रिकामी होती. वामनराव धावत आले. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं, की परवानगीचा ठराव अजून वर गेलेला नाही, जावक क्रमांक पडलेला नाही, अशा स्थितीत गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

आशाबाईंनी काच खाली केली.

"गाडी कुठी हाये? तुमीच लिवलं, घर हाये. मी माह्या घरात बसून हाओ. तुमी काऊन घाबरून राह्यले?"

घर क्रमांक १४२/१ फाटकातून बाहेर पडलं. कोंबड्या वेशीपर्यंत मागे धावल्या आणि परत आल्या. शेवग्याखाली चौकोनी कोरडी जागा उरली होती, तिथं त्या जाऊन बसल्या.

वामनराव हातपाय गाळणारे नव्हते. दहा वाजता कचेऱ्या उघडल्या तशी त्यांनी तक्रार नोंदवण्याची तजवीज सुरू केली. परिवहन कचेरीला फोन लावला. निरीक्षकांनी तपासून सांगितलं की या क्रमांकाचं कोणतंही वाहन अस्तित्वात नाही, त्यामुळे ते विनापरवाना रस्त्यावर असण्याचा संभव नाही. मग ते ठाण्यात गेले. बायको निघून गेली असं लिहून घ्या म्हणाले. हवालदारानं आशाबाईंचा आधार क्रमांक टाकला, पडद्यावर पाहिलं आणि मृदू स्वरात विचारलं की आजोबा, ज्या बाईला तुम्ही बावीस वर्षांपूर्वी टाकलंत ती आज निघून गेली असं कसं लिहू. शेवटी ते ग्रामपंचायतीत आले. कडूबानं मौक्यावर जाऊन रीतसर पंचनामा केला. सदर घर जागेवर आढळून आलं नाही. घरमालकीण घरासह बाहेरगावी गेल्याचं समजतं. घर नादुरुस्त नसल्यानं नुकसान निरंक.

कागदोपत्री काहीच घडलेलं नव्हतं. वामनराव रिकाम्या अंगणात खुर्ची टाकून बसले, मग भूक लागली तेव्हा आत गेले. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली भाकरी होती. ती आपल्यासाठीच ठेवली आहे हे कळून त्यांना रडू आलं.

संध्याकाळी जळगाव जामोदहून भाच्याच्या फोनवरून आशाबाई बोलल्या. नांदुऱ्यापुढं पूर्णेच्या पुलावर गाडी थांबवून त्यांनी नदी पाहिली होती. पुढच्या काचेत सातपुडा हळूहळू मोठा होत आला तो पाहिला होता. रस्त्याच्या कडेला एक चिंच आहे, पन्नास वर्षांपूर्वी तिच्याखाली नवरीची गाडी पाणी प्यायला थांबली होती असं भाऊ नेहमी सांगायचा, ती चिंच अजून आहे. मोठा चांगला रस्ता आहे, त्या म्हणाल्या, उगाच रडली मी तवा.

परत कधी येतेस, असं वामनरावांनी विचारलं.

"येईन ना. आधी ते कागदावरचं दुरुस्त करा. ज्याच्या घरी भाकरी टाकते त्याच्या कागदावर बाई पायजे."

वामनरावांनी त्याच आठवड्यात अर्ज दिला. पत्नी परित्यक्ता नसून माझ्यासोबत नांदते, तरी नोंद दुरुस्त व्हावी. अर्ज त्रुटीसह परत आला. पत्नी सोबत नांदत असल्याबाबत स्थळ पाहणी करावी लागेल आणि पाहणीच्या दिवशी पत्नी घरात हजर असावी. सध्या ती हजर नाही. नोंद दुरुस्त झाल्याशिवाय ती येणार नाही आणि ती आल्याशिवाय नोंद दुरुस्त होणार नाही. वामनरावांनी शेरा पाहिला. भाषा निर्दोष होती. त्यांनीच घालून दिलेली होती.

दसरा झाला. विहिरीवरच्या इंजिनाला ते एकटे जाऊन हळद-कुंकू लावून आले. तेलाचा बोळा आधी फिरवायचा की नंतर, हे त्यांना माहीत नव्हतं.

हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी एकदा उठून आपल्या घरची कागदांची पेटी उघडावी. रेशन कार्ड, घरपट्टी, उत्पन्नाचा दाखला, सगळं बाहेर काढून उजेडात धरावं. सोयीसाठी आपण कोणाला वेगळं काढलंय, कोणत्या भावाला भूमिहीन केलंय, कोणती आई कागदावर एकटी राहते, ते शांतपणे वाचावं. मग अंगणात एक नजर टाकावी. जब्बार मिस्त्री म्हणतो, यंदा जुन्या गाड्या तयार करून घ्यायला बायाच जास्त येऊन राह्यल्या.